‘पाचारण’मधला क

“हिचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही, आणि ही पाळक होणार?”

पडद्याच्या पलीकडून हे वाक्य आलं तेव्हा माझ्या हातात प्रभुभोजनाचे, द्राक्षरसाचे चिमुकले पेले होते. उपासना संपली होती. वेदीमागच्या अरुंद खोलीत मी एकटीच ते पेले धुऊन, पुसून, लाकडी ट्रेच्या भोकांत एकेक बसवत होते. हे काम मी बरीच वर्षं करत होते, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नाही. पडद्यापलीकडे आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीचे सेक्रेटरी काका होते, आणि त्यांच्याबरोबर कमिटीतल्या एकुलत्या एक बाई, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो.

“अहो, पाळकीणबाई व्हायचं असेल तिला,” मावशी म्हणाल्या. पाळकाच्या बायकोला आमच्यात पाळकीणबाई म्हणतात. “सरळ सांगता येत नसेल बिचारीला. एखादा तरुण पाळक बघू की.”

“तसं असेल तर तो अर्ज तुमच्याकडे घ्या. माझ्या फायलीत कशाला?”

“पुढच्या रविवारी बोलावलंय ना तिला? बघू काय बोलते ते.”

“बोलते? तीच तर गंमत आहे, मावशी.”

गोष्टीत असतं तसा पेला माझ्या हातून निसटला नाही. मी तो नीट बसवला, ट्रेवर पांढरं फडकं टाकलं आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

पाळक म्हणजे चर्चचे पास्टर. आमच्या मुलुंडच्या मराठी मंडळीतून सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, शिकायला जायचं तर कमिटीचं शिफारसपत्र लागतं. पत्र मिळालं तर प्रवेश, नाही तर नाही. मी अर्ज दिला होता आणि येत्या रविवारी, उपासनेनंतर, कमिटी मला समोर बसवून विचारणार होती. मी बोलले नाही तर पत्र मिळणार नव्हतं. आणि मी बोलत नाही हे मंडळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आमच्या घरी मराठीच बोलतात, पण मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं. शाळेत मराठी हा फक्त पास होण्याचा विषय होता. त्यामुळे भाषा माझ्या कानात होती, डोळ्यांत नव्हती. उपासनेत सगळे गीतांचं पुस्तक उघडायचे तेव्हा मी मोबाइलवर रोमन अक्षरांत टाइप केलेली गीतं बघून ओठ हलवायचे. जोडाक्षर आलं की नुसतेच ओठ. ल आणि ळ यांच्यातला फरक मला वाचताना दिसायचा, पण माझ्या जिभेला तो मान्य नव्हता. सोळा वर्षांची असताना तरुणसंघाच्या सभेत मला एक छापील प्रार्थना वाचायला दिली. ‘आमच्या पाळकांना सामर्थ्य दे’ असं लिहिलं होतं. मी वाचलं, “आमच्या पालकला सामर्थ्य दे.”

मागून कोणीतरी म्हणालं, “आणि मेथीला पण दे.”

सगळी सभा हसली. मीही हसले. त्यानंतर कुठल्याच सभेत मी काही वाचलं नाही.

नोकरी मला मिळाली ती मरोळच्या एका ऑफिसात, ग्राहकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं द्यायची. दिवसभर लोकांशी बोलायचं, पण तोंड न उघडता. माझ्यासारखीसाठीच हे काम कोणीतरी बनवलं असावं असं मला वाटायचं. मी त्यात हुशार होते. टीम लीडर करणार आहेत अशी कुजबुज होती, आणि बाबांनी ती कुजबुज नातेवाइकांत बातमी म्हणून सांगूनही टाकली होती.

त्याच सुमारास पाळकसाहेबांनी मला थांबवून विचारलं, “शनिवारी भांडुपला जाशील का?”

आमच्या मंडळीतल्या एक आजी भांडुपच्या टेकडीवर, खूप पायऱ्या चढून गेल्यावर येणाऱ्या एका खोलीत राहायच्या. पूर्वी त्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. आता गुडघे गेले होते, चर्चला येणं बंद झालं होतं आणि नजर इतकी अधू झाली होती की छापलेलं काही वाचता येत नव्हतं. कोणीतरी जाऊन त्यांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं होतं.

“मला नीट वाचता येत नाही,” मी म्हणाले.

“त्यांना नीट दिसत नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “जमेल तुमचं.”

पहिल्याच ओळीला आजींनी हात वर केला. “थांब. काय म्हणालीस? फल?”

“हो. झाडाचं.”

“मग फळ म्हण ना, बाई. जीभ मागे वळव, टाळूला लाव. वळव! तुझ्या जिभेला लाज वाटते का?”

“प्रयत्न करते, आजी.”

“मुलुंडहून आलीस का इंग्लंडहून?”

मी वळवली. ळ आला नाही, काहीतरी तिसरंच आलं, आणि आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. पण हे हसणं तरुणसंघातल्या हसण्यासारखं नव्हतं. हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, “हं, पुन्हा,” आणि कान माझ्याकडे केला.

असे कितीतरी शनिवार गेले. एका बैठकीत अर्धा अध्यायसुद्धा व्हायचा नाही. तेच अध्याय मी इंग्रजीतून लहानपणापासून भरभर वाचले होते, बक्षिसंही मिळवली होती, आणि त्यातलं मला काहीही लागलं नव्हतं. इथे प्रत्येक शब्दाशी थांबावं लागायचं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट आली त्या दिवशी ‘मेंढरू’ हा शब्द जुळवायला मला इतका वेळ लागला की शब्द पुरा होईपर्यंत मीच कुठल्यातरी कड्यावर उभी होते आणि खालून कोणीतरी मला शोधत वर येत होतं. मी वाचायची थांबले. आजी म्हणाल्या, “लागलं ना? लागतं तसं. थांब हवं तेवढं.”

आजींच्या शेजारच्या खोलीत एक बौद्ध कुटुंब राहायचं. दार उघडंच असायचं, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसायची. एका शनिवारी कळलं की त्या घरातला माणूस अचानक गेला, तीन आठवडे झाले. मी येताजाता मान खाली घालून त्या दारावरून जात असे. काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं, म्हणून नजरही टाळत होते. त्या दिवशी निघाले तर त्या घरातली बाई उंबरठ्यात बसून मटार सोलत होती.

“ए, तू आजींकडे येतेस ना?” ती म्हणाली. “जरा आत ये ना गं.”

मी घड्याळाकडे पाहिलं. पळून जायची माझी ती जुनी पद्धत आहे.

“काही बोलू नकोस,” ती म्हणाली. “सगळे येतात आणि धीर धर, धीर धर म्हणून बोलून जातात. डोकं उठलंय. तू बोलत नाहीस, मी बघते ना दर शनिवारी. नुसती बस माझ्याजवळ.”

मी आत गेले. तिने मटाराची पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये सरकवली. आम्ही सगळे मटार सोलले. तिने प्रार्थना मागितली नाही, मी केली नाही. मध्येच ती रडली, मग थांबली, मग तिने एक किडका दाणा उचलून बाहेर टाकला. जाताना तिने विचारलं, “पुढच्या शनिवारी पण येशील?” मी हो म्हणाले.

त्या पायऱ्या उतरताना मला कुठलाही आवाज ऐकू आला नाही, प्रकाशही दिसला नाही. फक्त इतकं कळलं की आयुष्यात पहिल्यांदा, जिथे नेमकी मीच हवी होते अशा ठिकाणाहून मी परत येत होते. माझा न बोलणारा स्वभाव, ज्याची मला इतकी वर्षं लाज वाटली, तो कोणीतरी कामाला लावला होता. कोणी, ते मला माहीत होतं. पुढचे दोन महिने मी रोज सकाळी ऑफिसच्या बसमध्ये त्याच्याशी या विषयावर वाद घातला आणि रोज हरले. मग पाळकसाहेबांकडून अर्ज मागून आणला.

अर्जात सगळ्यात खाली एक प्रश्न होता: ‘आपल्या पाचारणाविषयी लिहा.’

आता मला एक गोष्ट कबूल करायला हवी. लहानपणी संडे स्कूलमध्ये ‘पाळकांना देवाचं पाचारण झालं’ असं ऐकलं की मला वाटायचं, देवाने त्यांना पाच कारणं सांगितली. म्हणूनच ते पाळक झाले. मला ते पटायचं. एवढं मोठं काम, पाच कारणं तर हवीतच. हा समज मोडायची वेळ कधी आलीच नाही, कारण तो शब्द मी छापलेला कधी लक्ष देऊन वाचला नव्हता. अर्जात तो दिसला तेव्हा मी तो दोनदा जुळवला आणि मला छापणाऱ्याची दया आली. बिचाऱ्याचा क राहून गेला होता. चॅटच्या नोकरीत समोरच्याची चूक न बोलता दुरुस्त करायची सवय लागते. मी निळ्या पेनने ‘च’ आणि त्याचा काना यांच्या मध्ये, वरच्या बाजूला एक छोटासा, सुबक क लिहिला, आणि खाली एक ते पाच आकडे घातले.

चार कारणं लवकर सुचली. पाचव्यासाठी मी अख्खी संध्याकाळ घालवली.

घरी सांगितलं तेव्हा बाबा आधी हसले. मग मी हसत नाही हे बघून त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. “तुला इंग्लिश मीडियममध्ये घातलं ते मराठी उपासना चालवायला?”

“अहो, आणि ही बोलणार कशी लोकांसमोर?” आई म्हणाली. आई नर्स आहे, तिला लोकांसमोर बोलायची भीती कधी वाटली नाही आणि ती कोणाला वाटते याचं तिला अजून नवल वाटतं. “दारात कुरिअरवाला आला तरी मला पुढे करतेस. तिथे कोणाला पुढे करशील?”

“तिथे तू नसशील,” मी म्हणाले.

आई बाबांकडे वळून म्हणाली, “उलट उत्तर दिलं हिने. ऐकलंत का?” तिच्या आवाजात राग नव्हता.

बाबा मात्र आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलले. रविवारी सकाळी निघताना ते म्हणाले, “कमिटीने नाही म्हटलं तर विषय संपला. कबूल?”

“कबूल नाही, बाबा,” मी म्हणाले, आणि चपला घालून निघाले.

कमिटी संडे स्कूलच्या खोलीत बसली होती, लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर. एरवी मला हसू आलं असतं. पाच मोठी माणसं, गुडघे हनुवटीच्या जवळ, आणि मागच्या भिंतीवर मुलांनी रंगवलेलं नोहाचं तारू, म्हणजे प्राण्यांनी भरलेलं जहाज. मलाही तशीच खुर्ची दिली. पाळकसाहेब कोपऱ्यात होते. सेक्रेटरी काकांच्या मांडीवर माझा अर्ज होता.

त्यांनी तो उचलून उजेडात धरला. “हा क कोणी घातला?”

“मी.”

“का?”

“राहून गेला होता.”

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग मावशींनी पदर तोंडाला लावला. “अगं, पाचारण! पाच कारणं नाही गं बाई, पाचारण!” आणि त्या खोलीत असं हसू उसळलं की बाहेर खेळणारी मुलं खिडकीत येऊन बघू लागली. एक काका डोळे पुसत होते.

“पाचारण म्हणजे बोलावणं,” पाळकसाहेब सावकाश म्हणाले. “देवाने माणसाला बोलावणं.”

सेक्रेटरी काकांचं अजून झालं नव्हतं. “आणि कारणं तर ऐका! पहिलं, वाचायला आवडतं. चौथं, मला शांत बसता येतं. शांत बसायला सेमिनरी कशाला? आणि पाचवं,” त्यांनी चष्मा वर केला, “देवाची इच्छा. म्हणजे देवाचा नंबर पाचवा? तोही आकडा पुरा करायला?”

ते खरं होतं. अगदी तसंच झालं होतं. माझे कान तापले. दार माझ्यापासून तीन पावलांवर होतं. अशा वेळी मी काय करते ते मला चांगलं ठाऊक होतं: सगळ्यांबरोबर हसायचं, आणि मग पुन्हा कधीच तोंड उघडायचं नाही. मी हसले. पण हसून झाल्यावर उठले नाही.

बोलावणं. तो शब्द माझ्या आत कुठेतरी जाऊन बसत होता. पाच कारणं मला शोधावी लागली होती, एक अख्खी संध्याकाळ. बोलावणं मला शोधावं लागलं नव्हतं.

“मी चुकीचा प्रश्न सोडवला,” मी म्हणाले. “आता बरोबर प्रश्नाचं उत्तर देऊ का?”

हसू थांबलं. मावशींनी पदर खाली घेतला. “दे, दे ना.”

मग मी सांगितलं. आजींबद्दल, अर्ध्या अध्यायांबद्दल, मेंढराबद्दल. शेजारच्या बाईंबद्दल आणि मटारांबद्दल. वाक्यं तुटत होती, मध्ये इंग्रजी शब्द येत होते, मी ते मागे घेऊन पुन्हा मराठीत म्हणत होते. इतकं लांब बोलताना मी स्वतःला कधी ऐकलं नव्हतं.

“ती बाई आपल्या मंडळीची?” सेक्रेटरी काकांनी विचारलं.

“नाही. बौद्ध आहेत ते.”

“मग तिच्या बोलावण्याचा आणि देवाच्या बोलावण्याचा काय संबंध?”

“काका, देवाने मला कोणाच्या तोंडून बोलवावं हे मी कसं ठरवणार?” मी म्हणाले. “मी त्यांना चर्चला या असं सांगितलं नाही. त्या मला ये म्हणाल्या, मी गेले. तिथे मला कळलं की मला हेच करायचंय. लोकांच्या घरी जायचं, बसायचं, त्यांना हवं असेल तर वाचायचं, प्रार्थना करायची. आणि ते अर्धवट करायचं नाही. म्हणून शिकायचंय.”

पाळकसाहेब थोडे पुढे सरकले, आणि ती बुटकी खुर्ची करकरली.

सेक्रेटरी काकांनी मांडीवरचं शास्त्र उघडलं आणि कुठलंही एक पान माझ्यासमोर धरलं. “वाच. पाळकाला वाचता यायला हवं. हे तरी मान्य?”

“मान्य.”

मी वाचायला घेतलं. बोट ठेवून, हळू. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि माझा. पहिल्याच ओळीत एक ळ होता. मी जीभ मागे वळवली आणि तो आला. दुसऱ्या ओळीत दोन होते, तेही आले. काळ, मूळ, निर्मळ, सगळे ठणठणीत. जोडाक्षरांशी मी अडखळले, थांबले, पुन्हा घेतलं. पान संपेपर्यंत कोणी मला थांबवलं नाही. खिडकीतली मुलंसुद्धा ऐकत उभी होती.

“हळू वाचतेस,” काका म्हणाले.

“हो. घाई केली की मला अर्थ लागत नाही.”

“आम्ही चाळीस वर्षं घाईच करतोय,” मावशी म्हणाल्या, आणि सेक्रेटरी काकांकडे वळल्या. “काय हो, लिहा की आता पत्र. का पुन्हा विचारायचंय काही?”

“थांबा हो, पद्धत असते एक. हात वर करा.”

मावशींचा हात सगळ्यात आधी वर गेला. मग डोळे पुसणाऱ्या काकांचा, मग उरलेल्या दोघांचा. सेक्रेटरी काका सगळ्यांकडे बघत राहिले, त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि शेवटी पेनासकट आपलाही हात वर केला. “माझा विरोध नव्हता,” ते म्हणाले. “शंका होती. शंका काढायचं काम कोणीतरी करायला हवं ना.”

माझ्या छातीत काहीतरी इतक्या जोरात उघडलं की मला खुर्चीची कड धरावी लागली. मावशी उठून आल्या आणि त्यांनी माझं डोकं आपल्या पोटाशी दाबलं. त्यांच्या साडीला कांद्याचा वास येत होता. “पाळकीणबाई नाही,” त्या माझ्या केसांत पुटपुटल्या, “पाळकबाई.”

काकांनी कमिटीची वही उघडली. “इतिवृत्तात उमेदवाराचं म्हणणं लिहावं लागतं. पाळकसाहेबांनी डोक्यात भरवलं, घरच्यांनी ढकललं, असं नंतर कोणी म्हणायला नको. तुझ्या शब्दांत सांग. मी जसंच्या तसं लिहितो.”

पेन वहीवर टेकलं होतं. पाचही जण माझ्याकडे बघत होते, आणि मला लपायची जागा शोधावीशी वाटली नाही. मी उभी राहिले.

“लिहा,” मी म्हणाले. “मला बोलावलं, आणि मी हो म्हटलं. कोणी ढकललं नाही. मी माझ्या पायांनी निघाले आहे.”